पडदा आत गेला

नवे स्पीकर बसवून पहिलं गाणं लावलं आणि दोन मिनिटांत माझ्या मनात पाल चुकचुकली. आवाज स्वच्छ होता. झांजा, सतारीची तार, गायिकेचा श्वास, सगळं लख्ख ऐकू येत होतं. पण खालचं अंगच गायब होतं. तबल्याचा डग्गा पोटात घुमायला हवा, तो पुठ्ठ्यावर बोट मारल्यासारखा नुसता टक टक वाजत होता. आणि गायिकेचा आवाज नेमका कुठून येतोय तेच कळेना. मागच्या सीटवर मुलगी बसली होती. तिला म्हटलं, डोळे मिट आणि बोट दाखव, बाई कुठं उभी राहून गातेय. तिनं बोट वर केलं, हवेत जरा फिरवलं आणि म्हणाली, "अगं आई, सगळीकडूनच येतोय आवाज."

गाडी जुनी घेतलेली. स्टिरिओ आधीच्या मालकानं कुणाकडून तरी बसवून घेतलेला, तो चांगला होता म्हणून तसाच ठेवला. पुढच्या दारांतल्या स्पीकरची कड मात्र कुजून तुकडे पडायला लागले होते, म्हणून तेवढे बदलायचे ठरवले. दारांत खालच्या-मधल्या सुरांचे साडेसहा इंची मिड-बास, काचेशेजारच्या खांबांवर वरच्या सुरांचे छोटे ट्विटर, मध्ये सूर दोघांत वाटून देणारी क्रॉसओव्हरची डबी. मागचे दोन जुनेच. सगळं काम मी स्वतः केलं होतं, आणि घाईत केलं नव्हतं. गाडीच्या वायरिंगचा नकाशा समोर ठेवून कुठली वायर प्लस, कुठली मायनस ते पाहिलं होतं. स्पीकरवर बहुतेक वेळा प्लसची पत्ती रुंद आणि मायनसची अरुंद असते, शेजारी खूणही कोरलेली असते. तीही पाहून घेतली होती. त्यामुळे वायर उलटी असेल हा विचार माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

साहजिकच मी आधी नको तिथं शोधलं. बास वाढवून पाहिला. डग्गा आला नाही, दाराचं प्लास्टिक तेवढं थरथरायला लागलं. नवे स्पीकर रुळायला वेळ घेतात असं ऐकलं होतं, म्हणून दोन दिवस वाट पाहिली. काही फरक नाही. मग एका संध्याकाळी गाडीत नुसतीच बसून बटणं फिरवत होते. बॅलन्स (आवाज डाव्या-उजव्या स्पीकरांत वाटणारं बटण) पूर्ण डावीकडे नेला आणि डग्गा परत आला. पोटात घुमणारा, गोल, खरा डग्गा. उजवीकडे नेला, तिथंही आला. मधोमध आणला की पुन्हा गायब.

एक स्पीकर वाजतो तेव्हा बास भरपूर आणि दोन्ही एकत्र वाजतात तेव्हा कमी. हे उलटं गणित ज्यानं एकदा ऐकलं तो ते विसरत नाही. स्पीकर खराब असता तर एका बाजूला तरी तो खराबच वाजला असता. इथं दोघंही एकेकटे निरोगी होते, बिघाड होता तो त्यांच्या जोडीत.

दोन्ही दारांतल्या स्पीकरच्या पडद्यांनी, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या भागांनी, एकाच वेळी बाहेर यायचं आणि एकाच वेळी आत जायचं असतं. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं असतं. प्रवाह एका दिशेनं गेला की ते पुढे सरकतं, दुसऱ्या दिशेनं गेला की मागे, आणि पडदा त्याच्यासोबत. एका स्पीकरच्या वायरींची अदलाबदल झाली की डावा पडदा हवा ढकलतो त्याच क्षणी उजवा ती ओढतो. ५० हर्ट्‌झच्या सुराची लांबी हवेत जवळपास ७ मीटर असते. गाडीची आतली रुंदी दोन मीटरसुद्धा नसते. म्हणजे इतक्या लांब लाटेच्या दृष्टीनं दोन्ही दारं एकाच जागी आहेत. एकाचा धक्का आणि दुसऱ्याची ओढ कानाशी येऊन एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या सुरांचं तसं होत नाही. ५००० हर्ट्‌झची लाट सात सेंटिमीटरही लांब नसते, डोकं जरा हललं की सगळा हिशेब बदलतो, म्हणून झांजा शाबूत राहतात. गायकाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही बाजूंना सारखा दिलेला असतो म्हणूनच तो समोर मधोमध उभा राहिलेला भासतो. एक बाजू उलटी झाली की मेंदूला मध्य सापडत नाही. मुलीचं बोट हवेत फिरलं ते त्यामुळे.

आता कुठला उलटा, हे शोधायचं होतं. स्क्रू काढण्याआधी कानानं जेवढं कळेल तेवढं काढून घ्यायचं ठरवलं, आणि हा भाग मला सगळ्यात आवडला.

फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ म्हणून एक पर्याय असतो. तो चालू केला, म्हणजे चारही स्पीकरना एकच सिग्नल. मग ६० हर्ट्‌झचा साधा सूर, अगदी हळू आवाजात. गाणं लावून ही चाचणी करू नये असं मला अनुभवानं वाटतं, कारण गाण्यात मधल्या पट्टीचे सूर असतात आणि तिथं कान फसतो. चालकाच्या सीटवरून जवळचा स्पीकर आणि लांबचा स्पीकर यांच्या अंतरात साधारण अर्ध्या मीटरचा फरक पडतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ३४० हर्ट्‌झच्या आसपास अर्धी लाट बरोबर तेवढ्याच लांबीची होते. त्यामुळे त्या सुरांपाशी सरळ जोडलेले स्पीकरसुद्धा एकमेकांना खातात, आणि उलट जोडलेले असतील तर तिथंच एकमेकांना उचलून धरतात! वायर उलटी असताना काही सूर विचित्र ठासून येतात आणि "असू दे, बराच आहे की आवाज" असं वाटतं, ते यामुळेच. म्हणून सूर खालचा घ्यायचा आणि डोकं दोन सीटच्या मधोमध आणायचं. पाठ अवघडली, पण उत्तर स्वच्छ मिळालं.

आधी फेडर, म्हणजे आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरांत वाटणारं बटण, पूर्ण पुढे. बॅलन्स डावीकडून मध्यावर आणला. दुसरा स्पीकर सामील झाला की सूर भरायला हवा, तो विरला. पुढची जोडी फुटलेली. फेडर पूर्ण मागे नेऊन तसंच केलं, सूर फुगला. मागची जोडी ठीक. मग बॅलन्स पूर्ण डावीकडे ठेवून फेडर पुढून मध्यावर आणला, म्हणजे डाव्या बाजूचे पुढचा आणि मागचा एकत्र. फुगला. शेवटी उजवी बाजू. विरला.

चौघांत तिघं एका मताचे आणि पुढचा उजवा एकटा वेगळा. समजा, पुढचे दोन्ही उलटे असते तर पुढची जोडी आपापसात ठीक, मागचीही ठीक, आणि दोन्ही बाजूंच्या पुढे-मागे चाचणीत सूर विरला असता. हा प्रकार जास्त फसवा असतो, कारण गायक समोर नीट उभा असतो आणि फेडर मध्यावर असताना फक्त बास कमी वाटतो. नुसती डावी-उजवी चाचणी करून थांबणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही.

पण कानाला फक्त नातं कळतं. कोण वेगळा आहे हे कळलं. बरोबर कोण आहे हे नाही. तिघं उलटे आणि एकटा सरळ असता तरी कानाला अगदी हेच ऐकू आलं असतं. चारही एकसाथ उलटे असते तर बास कुठंही गेला नसता. तेव्हा पडदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

दादाला फोन केला. माझा मोठा भाऊ आयुष्यभर ॲम्प्लिफायर दुरुस्त करत आलाय. मी म्हटलं, "पेन्सिल सेल लावून पडदा कुठं हलतो ते बघणार आहे. मागून, वायरींच्या जुडग्यातून, हार्नेसमधूनच लावला तर दारं उघडावी लागणार नाहीत."

"स्टिरिओच्या मागचा वायरींचा कपलर आधी काढणार आहेस ना?"

"का? स्टिरिओ बंदच असेल की."

"बंद असला तरी काढायचा. तू सेल लावशील तो स्पीकरला आणि त्याच वेळी स्टिरिओच्या आउटपुटलाही लागेल. उलटा करंट त्याच्या ॲम्प्लिफायरच्या आयसीत घुसवायचा नाही. आणि अजून एक कर. कपलर काढण्याआधी, स्टिरिओ चालू असताना, मीटर घेऊन स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या संदर्भात किती व्होल्ट येतात ते बघ. मग मला सांग मायनस म्हणजे अर्थिंग असतं का."

हा त्याचा जुना स्वभाव, उत्तर द्यायचं नाही, करायला लावायचं. डॅशबोर्डची चौकट काढली, स्टिरिओ पुढे ओढला, चालू केला. पुढच्या उजव्या स्पीकरची करडी वायर आणि बॉडीचा धातू, ६.२ व्होल्ट. करडी-काळी वायर आणि बॉडी, तिथंही ६.२. दोघींच्या मध्ये जवळपास शून्य. म्हणजे मायनस म्हणवणारी वायरसुद्धा शून्यावर नाही. गाडीच्या बहुतेक स्टिरिओंत प्रत्येक स्पीकरला दोन्ही टोकांनी ढकलणारा ॲम्प्लिफायर असतो. दोन्ही वायरी बॅटरीच्या निम्म्या व्होल्टवर तरंगत असतात आणि एक वर गेली की दुसरी खाली येते. १२ व्होल्टांत बऱ्यापैकी ताकद काढायची तर तोच सोपा मार्ग आहे. मायनसची वायर सोयीसाठी बॉडीला जोडली तर तो ॲम्प्लिफायर शॉर्ट होतो. मला हे माहीत नव्हतं, आणि ते आकडे स्वतःच्या मीटरवर बघितले नसते तर इतकं पक्कं डोक्यात बसलंही नसतं.

मग सगळं बंद केलं, गाडीच्या बॅटरीचा मायनस काढला, एअरबॅगचा विचार करून थोडा वेळ जाऊ दिला आणि स्टिरिओचा कपलर सोडवला. बाजारात मिळणाऱ्या स्टिरिओंच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले असतात. पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा. नुसता रंग प्लस आणि त्याच रंगावर काळी रेघ मायनस. गाडीच्या स्वतःच्या वायरींना मात्र हा नियम लागू नाही. कंपनी आपल्या मनाचे रंग घालते, म्हणून नकाशा लागतोच. मूळ कपलर न कापता शाबूत ठेवलेला असेल तर काम फार सोपं. ज्या गाड्यांत आयएसओ १०४८७ पद्धतीचा कपलर असतो तिथं तपकिरी ठोकळ्यात आठ पिना असतात. १-२ मागचा उजवा, ३-४ पुढचा उजवा, ५-६ पुढचा डावा, ७-८ मागचा डावा, आणि विषम आकडा नेहमी प्लस. माझ्या गाडीत मूळ कपलर कापून टाकलेला होता. स्टिरिओच्या रंगीत वायरी आणि गाडीच्या वायरी थेट पिळून जोडलेल्या, आणि त्यावर काळ्या टेपचा जाड गुंडाळा. टेपचा चिकटा वितळून बोटाला लागत होता.

१.५ व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला, दोन्ही टोकांना वायरीचे तुकडे धरले. ४ ओहमच्या स्पीकरला यातून एक तृतीयांश ॲम्पियरच्या आसपास करंट मिळतो, म्हणजे जेमतेम अर्धा वॅट, तोही क्षणभर. पडदा हललेला दिसायला तेवढा पुरे. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीनंही लोक हे करतात. हिसका जास्त स्पष्ट दिसतो, पण टोक धरून ठेवलं तर वेटोळं उगाच तापतं. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा तर विचारही करू नये. ट्विटरला थेट सेल लावायचाच नाही, केसासारखी तार असते ती आणि पडदा हललेला दिसतही नाही. इथं क्रॉसओव्हरनं माझं काम सोपं केलं होतं. त्यातला कपॅसिटर ट्विटरकडे डीसी, म्हणजे सेलचा एकाच दिशेचा करंट, जाऊ देत नाही आणि कॉइल मिड-बासकडे आरामात जाऊ देते, त्यामुळे हार्नेसमधून सेल लावला तरी हलणार फक्त दारातला पडदा.

माझ्या दारांची जाळी आतल्या प्लास्टिकच्या पॅडमध्येच ओतलेली आहे, वेगळी निघत नाही. मुलगी टॉर्च घेऊन डाव्या दाराशी बसली. सरळ प्रकाश टाकला की जाळीच चमकते आणि आतलं काही दिसत नाही. तिनं टॉर्च तिरपी धरली तेव्हा पडद्याच्या रबरी कडेवर उजेडाची एक बारीक कोर उमटली. पडदा हलला की कोर सरकणार.

पांढऱ्याला प्लस, पांढऱ्या-काळ्याला मायनस, टेकवलं आणि लगेच उचललं. दारातून हलकासा 'ठप'.

"बाहेर आली, आई! फुगली!"

पुन्हा एकदा, खात्रीसाठी. बाहेर. मागचे दोन्ही बाहेर. मग ती उजव्या दाराशी जाऊन बसली. करडी प्लस, करडी-काळी मायनस. ठप.

"आत गेली."

"नीट बघ."

"अगं, आतच गेली. चमक खाली सरकली. कर परत." मी परत केलं. "आत."

सेल उलटा धरला तर बाहेर. आता शंका उरली नाही. तिघं सरळ, हा एकटा उलटा. पण उलटा झाला कुठं? माझ्या दारात की मागे डॅशबोर्डमध्ये? दाराचं पॅड पुन्हा काढलं. हँडलमागचा स्क्रू, आर्मरेस्टखालचे दोन, मग कडेनं क्लिपा, वर उचलून काचेच्या बटणांचा कपलर. पहिल्यांदा काढताना तास लागला होता, या वेळी दहा मिनिटं. स्पीकरकडे पाहिलं. नकाशाप्रमाणे पुढच्या उजव्याची प्लस वायर निळी आणि मायनस तपकिरी. निळी वायर क्रॉसओव्हरच्या प्लसवर, तिथून निघणारी प्लस रुंद पत्तीवर. मी जोडलं होतं ते बरोबर होतं.

दादाला सांगितलं तर म्हणाला, "मीटरनं पण बघ. ओहम नको, ओहम दोन्हीकडून सारखाच येतो." ते खरं होतं. ओहमवर ३.४ आलं होतं, टोकं उलटी केली तरी ३.४. त्यावरून एवढंच कळतं की वेटोळं तुटलेलं नाही आणि कुठं शॉर्ट नाही. ४ ओहम लिहिलेल्या स्पीकरवर डीसी मीटर साधारण एवढंच दाखवतो. "मिलिव्होल्टवर लाव आणि पडदा हातानं दाब."

हे मी कधी केलं नव्हतं. स्पीकर उलट्या कामालाही लागतो. पडदा हलवला की तारेत वीज निर्माण होते, मायक्रोफोनसारखी. प्लसला प्लस दिलं की पडदा बाहेर येत असेल तर तो हातानं आत दाबल्यावर प्लसच्या टोकाला क्षणभर मायनस यायला हवं. मुलीनं चारही बोटं पसरून पडद्यावर ठेवली, मधल्या टोपीला न दाबता कडेनं, सगळीकडून सारखी, आणि हलकेच आत ढकलला. आधी स्पीकरच्या पत्त्यांवर मोजलं, लाल टोक रुंद पत्तीला. मीटरवर मायनसची खूण येऊन गेली. स्पीकर बरोबर, त्यावरची खूण बरोबर. मग मी डॅशबोर्डपाशी गेले, लाल टोक करड्याला आणि काळं करड्या-काळ्याला लावलं. तिनं पुन्हा दाबलं. आकडा आला तो मायनसशिवाय. याच वायरींच्या एका टोकाला मायनस आणि दुसऱ्या टोकाला प्लस! गुन्हेगार मधे होता, त्या काळ्या टेपच्या गुंडाळ्यात.

टेप सोलला. करडी वायर तपकिरीला पिळलेली, आणि करडी-काळी निळीला. करड्या इन्शुलेशनवरची काळी रेघ केसाएवढी बारीक, आणि पिळताना वायर फिरली की ती रेघ पलीकडे जाते. तिथं हात जेमतेम मावतो, उजेड पोचत नाही. चूक कशी झाली असेल ते त्या जागी डोकं घातल्यावर मला समजलं.

पण मग मला एक गोष्ट छळायला लागली. जुन्या स्पीकरांचा बास कुजक्या कडेमुळे फाटका होता, तरी तो गायब नव्हता. बॅलन्स मध्यावर असतानाही डग्गा येत होता. डॅशबोर्डमागचा जोड तेव्हाही उलटाच होता, मग तेव्हा चाललं कसं? काही काढण्याआधी फोटो काढायची मला सवय आहे. फोनमध्ये शोधलं. जुना उजवा स्पीकर, धुळीनं भरलेला, आणि त्याच्या रुंद पत्तीवर तपकिरी वायर. ज्यानं कुणी स्टिरिओ बसवला होता त्याला बहुधा उलट झाल्याचं ऐकू आलं असावं, आणि पुन्हा डॅशबोर्ड उघडण्यापेक्षा त्यानं दारातच वायरी बदलल्या असाव्यात. मागे एकदा उलट, दारात एकदा उलट, मिळून सुलट. मी दारात नकाशाप्रमाणे योग्य जोडणी केली आणि झाकलेली चूक उघडी पडली.

आता सोपा मार्ग समोरच होता. पॅड काढलेलंच आहे, दारातच दोन वायरी बदलल्या की झालं. पाच मिनिटांचं काम. पण मग पुढच्या वेळी हे दार उघडणारा, मी असो की आणखी कुणी, नकाशाप्रमाणे जोडणार आणि पुन्हा या सगळ्यातून जाणार. मला ते पटेना. जिथं उलटलंय तिथंच सुलट करायचं, मग तिथं हात पोचायला कितीही त्रास होवो.

चारही जोड सोडवले, तीन बरोबर असलेलेसुद्धा, कारण नुसते पिळून टेप मारलेले जोड गाडीच्या हादऱ्यांत कधी ना कधी सैल होतातच. जुनी काळवंडलेली टोकं कापली, नवी सोलली. प्लस आणि मायनसचे जोड एकाच ठिकाणी येऊ न देता बोटभर पुढे-मागे ठेवले, म्हणजे वरचं आवरण कधी फाटलं तरी ते एकमेकांना चिकटणार नाहीत. गरम केली की आवळणारी हीट श्रिंकची नळी आधी वायरीत ओवायची असते. सोल्डरचा डाग दिल्यावर ती घालायला जागा उरत नाही. डाग दिला, नळी सरकवली, गरम केली. जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून घेतली, कारण डागाशेजारी वायर ताठ होते आणि हलत राहिली तर तिथंच तुटते. प्रत्येक जोडीवर कागदी पट्टी चिकटवली. पुढचा उजवा, निळी प्लस. आणि तारीख.

जोडल्यावर दार बंद करायच्या आधी पुन्हा सेल. हे टाळू नये. "बाहेर," मुलगी म्हणाली, आणि या वेळी पॅड नसल्यामुळे मलाही दिसलं. काळा पडदा एक क्षण पुढे आला आणि परत बसला.

पॅड लावताना एक गोष्ट मुद्दाम पाहिली. स्पीकर आणि दाराचा पत्रा यांच्यामध्ये फोमची कडी नीट दाबून बसली आहे ना. पडद्याच्या मागच्या बाजूचा आवाज पुढच्या आवाजाच्या बरोबर उलटा असतो. कडेनं फट राहिली तर तो मागून पुढे येऊन बास खातो. म्हणजे वायर सरळ असूनही दुखणं तेच, फक्त एकाच स्पीकरच्या पोटातलं. काही गाड्यांच्या दारात बाजूच्या एअरबॅगसाठी हवेचा दाब ओळखणारा सेन्सर असतो, तिथं तर दाराचं सील जसंच्या तसं बसणं सुरक्षिततेसाठीही गरजेचं आहे. आतला पाणी अडवणारा प्लास्टिकचा कागदही फाटू न देता परत चिकटवला.

स्टिरिओ जोडला, बॅटरी जोडली, तोच ६० हर्ट्‌झचा सूर. बॅलन्स डावीकडून मध्यावर आणला. सूर भरत गेला. खालच्या सुरांत दोन सारखे स्पीकर एका दिशेनं हलले की हवेचा दाब दुप्पट होतो, म्हणजे ६ डेसिबलची वाढ. आधी हाच सूर या जागी मरत होता. सीटच्या पाठीतून तो मणक्याला लागला तेव्हा मला फार बरं वाटलं.

ट्विटर राहिले होते. त्यांना सेल लावता येत नाही, पडदा दिसत नाही, म्हणून कानावरच भिस्त. इथं एक गोष्ट गोंधळात टाकते. काही कंपन्या ट्विटर मुद्दाम उलटा जोडायला सांगतात. प्रत्येक सप्तकाला १२ डेसिबलनं उतरणारा क्रॉसओव्हर असेल तर जिथं मिड-बास आणि ट्विटर एकमेकांना सूर सोपवतात तिथं दोघांत अर्ध्या लाटेचं अंतर पडतं, आणि ट्विटर उलटा केला की ते सांधलं जातं. त्यामुळे प्लसला प्लस हा नियम इथं डोळे झाकून लावायचा नाही, डबीसोबत आलेला कागद वाचायचा. माझ्या कागदावर सरळ जोडायला सांगितलं होतं. तरी दोन्ही बाजूंचे एकदम उलटे करून ऐकले. गायिकेचा आवाज जरा पोकळ झाला, जणू ती दोन पावलं मागे सरली. परत सरळ केले. कुठलाही मार्ग घ्या, दोन्ही बाजूंना तोच घ्यायला हवा. एकच ट्विटर उलटा राहिला तर वरचे सूर भरकटतात आणि ते शोधणं बासपेक्षा कितीतरी अवघड आहे.

फोनच्या माइकवर ऐकून पोलॅरिटी, म्हणजे स्पीकर सरळ की उलटा, ते सांगणारी ॲप्सही असतात. एका बाजूला झुकलेला टिक आवाज वाजवायचा आणि लाटेचं पहिलं टोक वर जातं की खाली ते बघायचं. मी नंतर वापरून पाहिलं. माइक स्वतः उलटा असू शकतो, म्हणून सेलनं तपासलेल्या डाव्या स्पीकरवर आधी धरून त्याचं उत्तर काय येतं ते पाहिलं आणि मग बाकीच्यांशी ताडलं. दारातल्या स्पीकरना जमलं. बंद गाडीत काचांवरून आवाज परततो, त्यामुळे माइक अगदी जाळीला चिकटवावा लागला.

रात्री ते पहिलंच गाणं पुन्हा लावलं. डग्गा होता. चालकाच्या सीटवरून गायिका मला अजून किंचित माझ्या बाजूला ऐकू येते, कारण जवळच्या दाराचा आवाज लांबच्यापेक्षा दीड मिलिसेकंद आधी पोचतो. तेवढं दुरुस्त करायचं तर स्टिरिओत जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढा उशिरा सोडणारं टाइम अलाइनमेंट हवं, आणि माझ्यात ते नाही. मुलगी मागच्या सीटच्या बरोबर मधोमध येऊन बसली, डोळे मिटले आणि न सांगताच बोट पुढे केलं, सरळ डॅशबोर्डच्या मध्यावर, आरशाच्या जरा खाली. गाणं संपेपर्यंत तिनं ते तसंच धरून ठेवलं होतं.